कढीपत्त्यावरच्या अळ्या राहू द्याव्यात

साताऱ्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे असल्याने त्यातला मुख्य भाग थोडक्यात देते.

‘घराभोवती दोन गुंठे जागा आहे. पुढे लॉन, कडेने पाम आणि गुलाब, मागे कढीपत्ता, लिंबू, शेवगा आणि तुळस. पक्षी-फुलपाखरे यावीत म्हणून गच्चीवर रोज ज्वारी-तांदूळ टाकते, पण पारव्यांशिवाय कोणी फिरकत नाही आणि शेजारी आता घाणीबद्दल बोलू लागले आहेत. सूर्यपक्ष्यांसाठी साखरपाण्याची लाल बाटली मागवून टांगली, तिला मुंग्या लागतात. फुलपाखरे तर दिसतच नाहीत. कढीपत्ता मात्र अळ्यांनी निम्मा फस्त केला आहे. नर्सरीवाल्याने फवारणीचे औषध दिले आहे, ते मारावे का? व्हरांड्यातल्या वायरवर एका चिमुकल्या पक्ष्याने घरटे बांधायला घेतले आहे, त्याचे फोटो कसे काढावेत? झाडोरा वाढवला तर साप येतील असे घरच्यांचे म्हणणे आहे, ते खरे का? नातू सुट्टीत येतो, त्याला हे सारे दाखवायचे तर सुरुवात कुठून करावी?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांपैकी कढीपत्त्याचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर एकदा पटले की बाकीची निम्मी उत्तरे त्यातूनच निघतात. नर्सरीवाल्याने दिलेले औषध फवारू नये. फुलपाखरे दिसतच नाहीत असे आपण लिहिले आहे. वस्तुतः ती येऊन गेली आहेत आणि त्यांची पोरेबाळे आपल्या कढीपत्त्यावर जेवत आहेत.

उद्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी एक भिंग घेऊन झाडापाशी जावे आणि कोवळ्या शेंड्यांची पाने खालून-वरून नीट पाहावीत. एखाद्या पानावर एकटेच चिकटवलेले, बारीक मोहरीएवढे, फिकट पिवळसर गोल अंडे सापडेल. जवळच्याच पानावर पक्षी शिटल्यासारखा काळपट-तपकिरी, मध्ये पांढुरका पट्टा असलेला ओलसर ठिपका दिसेल. तो हलला, तर ती अळी आहे असे समजावे. विष्ठेला कोणी चोच लावत नाही, म्हणून कोवळ्या वयात तिने घेतलेले हे सोंग असते. चार वेळा कात टाकून झाली की हीच अळी पानासारखी हिरवीगार होते आणि तिच्या पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा उमटतात. गवताच्या काडीने तिला हलकेच डिवचले तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेल्या जिभेसारखे एक इंद्रिय झटकन बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शत्रू त्याने मागे सरतात. नातवाला दाखवण्यासारखे याहून चांगले दुसरे काही आपल्या बागेत नसेल, मात्र एका अळीला एकदाच डिवचावे.

कढीपत्ता, लिंबू, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत आणि आपल्या भागात त्यांच्यावर प्रामुख्याने कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय या दोन फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. लाइम हे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे, शेपटी नसलेले, चंचल फुलपाखरू आहे. कॉमन मॉरमॉनचा नर काळा असून त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. मादी मात्र तीन वेगवेगळ्या रूपांत आढळते. एक रूप नरासारखेच असते, तर दुसरी दोन रूपे कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात, त्यामुळे पक्षी त्यांना टाळतात. आपण सह्याद्रीच्या पायथ्याशी आहात, तेव्हा पावसाळ्यात किंवा त्यानंतर लिंबावर राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉनही अंडी घालून जाण्याची शक्यता आहे. काळ्या मखमलीवर निळी झाक असलेले हे हातभर रुबाबाचे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले.

आता झाडाचे काय होईल हा आपला रास्त प्रश्न. वर्षा-दोन वर्षांचे नाजूक रोप असेल तर अळ्या त्याला खरोखरच बोडके करतात आणि रोप मागे पडते. अशा रोपावर मच्छरदाणीचे कापड घालून ते वेगळे सांभाळावे. पण कमरेवर वाढलेला कढीपत्ता पुन्हा फुटतो, बहुधा पूर्वीपेक्षा दाट. या झाडाला मुळांपासून आपोआप पोरे फुटतात, त्यांतली दोन काढून कुंपणाच्या कडेला लावली की एक झाड फोडणीसाठी आणि उरलेली अळ्यांसाठी अशी वाटणी करता येते. घरात कोणी कुरकुर केली तर एवढे सांगावे की अळ्यांची सद्दी फार दिवस चालत नाही. अंड्यापासून फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत हवामानानुसार साधारण महिनाभर लागतो आणि निघालेल्या अळ्यांपैकी फारच थोड्या त्या टप्प्यापर्यंत पोहोचतात. बाकीच्यांना शिंपी, बुलबुल, दयाळ, गांधीलमाश्या आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माश्या संपवतात.

हे शेवटचे वाक्य आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पक्षी बागेत येतात ते खाण्यासाठी, आणि बहुतेक लहान पक्ष्यांच्या पिलांचे खाणे म्हणजे अळ्या, नाकतोडे, कोळी, माश्या. आयुष्यभर दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना पहिले काही दिवस प्रामुख्याने किडेच भरवते. फुलांतला मध पिणारा सूर्यपक्षीही पिलांसाठी कोळी आणि चिलटे पकडून आणतो. ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, तिथे पक्ष्याला पिले वाढवण्यासारखे काही नसते, मग गच्चीवर कितीही दाणे पडलेले असोत. पुढे जे काही सांगते आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

फवारणी अजिबातच नको का? शेवग्यावर किंवा वालाच्या वेलावर मावा आला, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसला, तर पाण्याचा जोरदार फवारा मारून तो झाडावा, हाताने पुसून काढावा किंवा जास्तच झालेली फांदी छाटून टाकावी. त्याआधी चार दिवस थांबावे, हे अधिक बरे. माव्याच्या वसाहतीत लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या काळ्या-नारिंगी, मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या पोहोचलेल्या असतील, तर आपले काम त्याच करतात. अनेक जण त्यांनाच कीड समजून मारतात. निंबोळी अर्क सेंद्रिय असला तरी तो अळ्यांचे खाणे थांबवतो, तेव्हा कढीपत्ता आणि लिंबावर तोही नको. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे गोलाकार तुकडे गेलेले दिसले, तर तो पानकापी माशीचा उद्योग असतो. ही एकटी राहणारी मधमाशी ते तुकडे गुंडाळून पोकळ काडीत आपल्या अंड्यांसाठी कप्पे करते. गुलाबाचे त्यात काहीही बिघडत नाही. उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवत असाल तर त्या मात्र आजच बंद कराव्यात, कारण विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला की तोही मरतो.

गच्चीवरचे दाणे थांबवावेत. पारवा हा मोकळ्या जागेत, सपाट पृष्ठभागावर, भरपूर सांडलेले धान्य खाणारा पक्षी आहे आणि आपण त्याला नेमके तेच देत आहात. तो थव्याने येतो, लहान पक्ष्यांना हुसकावतो आणि त्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ व पिसांचा भुगा श्वासावाटे सतत आत गेल्यास काही जणांना फुफ्फुसाचा गंभीर आजार होतो. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो वाद न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हाच आरोग्याचा प्रश्न होता. शेजाऱ्यांची तक्रार म्हणून चुकीची म्हणता येणार नाही. दाणे बंद केल्यावर पारवे काही दिवस येऊन वाट पाहतील. त्या काळात मूठभरसुद्धा टाकू नयेत, नाहीतर सगळे पहिल्यापासून सुरू होते. चिमण्यांसाठी काही ठेवायचेच असेल, तर बाजरी किंवा तांदळाची कणी लहान टांगत्या डब्यात, पारव्याला बसायला जागा मिळणार नाही अशा बेताने, सकाळी संपेल एवढीच ठेवावी. शेव, फरसाण, बिस्किटे, शिळी पोळी यांतले काही पक्ष्यांना घालू नये. पितृपक्षात कावळ्याला ठेवलेल्या पानाबद्दल मी काही म्हणत नाही, कावळा काहीही पचवतो.

लाल बाटली काढून टाकावी. ती मुळात हमिंगबर्डसाठी बनवलेली वस्तू आहे आणि ते पक्षी फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्या उन्हात साखरपाणी एका दिवसात आंबते आणि त्याची आपल्या सूर्यपक्ष्यांना गरजही नाही.

गरज आहे ती फुलांची, आणि इथे मी थोडी सविस्तर लिहिणार आहे. आपल्या जागेत पाम, लॉन आणि कलमी गुलाब यांनी बरीच जागा व्यापलेली दिसते. पाहायला ती नेटकी असली तरी शोभेचा पाम आणि सतत कातरलेले लॉन खाणारे किडे इथे फारसे नाहीत, आणि भरगच्च पाकळ्यांच्या कलमी गुलाबात मध-पराग किड्यांच्या हाती लागत नाहीत. सगळे उपटा असे मी म्हणणार नाही. लॉनचा कुंपणालगतचा दोन-तीन हातांचा पट्टा कातरणे थांबवावे, एवढी सुरुवात पुरेशी आहे. पावसाळ्यात तिथे स्थानिक गवते आपोआप उगवतात, भाद्रपद-आश्विनात त्यांना तुरे येतात आणि त्या तुऱ्यांवर लटकून दाणे खाणाऱ्या मुनिया आपल्याला खिडकीतून दिसतील. त्याच गवतात टाकळाही उगवेल. तो तण म्हणून उपटला जातो, पण कॉमन ग्रास यलो नावाची पिवळी छोटी फुलपाखरे त्याच्यावर अंडी घालतात.

झुडपांमध्ये माझी पहिली पसंती धायटीला आहे. सह्याद्रीच्या उतारांवर ती आपोआप वाढते, पाणी फार मागत नाही, पुरुषभर उंचीच्या आसपास राहते आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तिच्या फांद्या लाल फुलांनी भरून जातात. त्या दिवसांत सूर्यपक्षी तिच्यावरून हलत नाहीत. जास्वंद साधी, एकेरी पाकळ्यांची लावावी. काटेकोरांटी, अडुळसा, निर्गुडी या कुंपणाच्या कडेला लावण्याजोग्या आहेत. एक कोपरा रुईला द्यावा. तिच्यावर प्लेन टायगर या फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या उघड्यावर बिनधास्त चरतात, कारण रुईच्या चिकातले विष अंगात साठवल्याने पक्षी त्यांना शक्यतो तोंड लावत नाहीत. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हे नातवाला आधी सांगून ठेवावे. सीताफळ असेल तर टेल्ड जे हे फुलपाखरू येईल. कुंडीतली पानफुटी असेल तर तिच्या जाड पानांकडे लक्ष ठेवावे. पानात पारदर्शक डाग पडून आत काळे कण दिसू लागले, की रेड पिएरो या फुलपाखराची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बसून गर खाते आहे असे समजावे. उजेडाकडे पान धरले तर ती आत सरकताना दिसते.

पिवळ्या फुलांचा खुळखुळा एक-दोन ठिकाणी जरूर पेरावा आणि तो वाळल्यावर लगेच उपटू नये. पावसाळ्याच्या अखेरीस टायगर जातीच्या फुलपाखरांचे नर त्याच्या वाळक्या काड्यांवर आणि शेंगांवर झुंबड करतात. फूल नाही, मध नाही, मग हे इथे काय करतात असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्या वनस्पतीतले अल्कलॉइड नावाचे विशिष्ट रसायन शोषून ते त्यातून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण वृंदावनातली तुळस सोडून एखादी तुळस मागे फुलू द्यावी. तिच्यावर दिवसभर सातेरी आणि फुलोरी मधमाश्या असतात. फुलोरीचे तळहाताएवढे एकच पोळे एखाद्या झुडपाच्या फांदीला लागले तर घाबरून जाळू नये. त्याच्या जवळ धसमुसळेपणा केला नाही तर ती माशी सहसा अंगावर येत नाही. उंच इमारतीला किंवा झाडाला लागणारे आग्या मोहोळ ही वेगळी गोष्ट आहे, त्यापासून लांबच राहावे.

झाडे पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर लावावीत. रोपे सामाजिक वनीकरणाच्या किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. कासच्या पठारावरून हौसेने रोप किंवा कंद उपटून आणणारे लोक मला माहीत आहेत. ते पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट आहे, आणि तिथल्या पातळ मातीत वाढणारी ती रोपे आपल्या वाफ्यात जगतही नाहीत. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे असले तरी ती मुद्दाम लावू नये. तिची फळे खाऊन पक्षीच तिचे बी डोंगरात पसरवतात आणि तिथे ती दुसरे काही उगवू देत नाही.

झाडे मोठी होईपर्यंत पाणी हे आपले सर्वांत प्रभावी साधन आहे. कुंभाराकडून पसरट मातीचे परळ आणावे, प्लास्टिकचे नको, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर लहान पक्ष्यांचे पाय सरकतात. पाण्याची खोली मधोमध दोन इंचांपेक्षा जास्त नसावी आणि त्यात एक चपटा दगड पाण्याबाहेर डोकावेल असा ठेवावा. मधमाश्या त्या ओल्या दगडावर बसून पाणी पितात. परळ झुडपाला खेटून ठेवले तर आत दबा धरलेल्या मांजराची सोय होते, भर उघड्यावर ठेवले तर पक्षी बिचकतात. झुडपापासून सात-आठ फुटांवर, सकाळनंतर सावली येईल अशी जागा बरी. पाणी दररोज, निदान एक दिवसाआड ओतून टाकावे आणि परळ काथ्याने घासावे. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर तरी लागतो, म्हणजे एवढी काळजी घेतली तर डेंग्यूची भीती राहत नाही. वैशाखात दुपारी तीनच्या सुमारास या परळापाशी जे काही घडते ते पाहावे: बुलबुल पाच सेकंदांत आंघोळ उरकतो, साळुंक्या भांडून पाणी सांडतात, आणि सातभाई आले तर पूर्ण टोळी आल्याखेरीज कोणी पाण्यात उतरत नाही.

पालापाचोळा जाळू नये. झाडांच्या आळ्यांत आणि एका कोपऱ्यात तो पसरून ठेवावा. दयाळ आणि सातभाई तो उलथून त्याखालचे किडे खातात.

आता वायरवरचे घरटे. आपण केलेल्या वर्णनावरून, म्हणजे लांबट लोंबती पिशवी, बाजूला दार आणि दारावर लहानशी पडवी, ते सूर्यपक्ष्याचे म्हणजे शिंजिराचे आहे यात मला शंका वाटत नाही. माणसांच्या वावरामुळे कावळे आणि भारद्वाज जवळ येत नाहीत, बहुधा म्हणून त्यांना व्हरांडे पसंत पडतात. पिशवीचे सारे सामान कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले असते. व्हरांड्याच्या कोपऱ्यांतली जळमटे आपण काढत असाल तर निदान घरटे पूर्ण होईपर्यंत ती राहू द्यावीत. तिथून ते धागे चोचीत गुंडाळून नेणारी मादी आपल्याला दिसेल. झाडाच्या सालीचे तुकडे, वाळकी पाने आणि अळ्यांच्या लेंड्या ती बाहेरून चिकटवते, त्यामुळे घरटे अडकलेल्या कचऱ्यासारखे दिसते. बांधणे आणि अंडी उबवणे मादीकडे असते, भरवायला नरही येतो. अंडी बहुधा दोन असतात, ती सुमारे दोन आठवडे उबवली जातात आणि त्यानंतर साधारण तेवढ्याच काळात पिले उडतात. म्हणजे व्हरांड्याचा तो भाग महिना-सव्वा महिना जपून वापरावा लागेल.

फोटो घरातून, खिडकीच्या किंवा पडद्याच्या आडून, फ्लॅश न वापरता काढावेत. शिडी लावून आत मोबाइल घालू नये. फोटोसाठी घरट्याभोवतीची पाने छाटणे, वायर सरकवणे हे तर कटाक्षाने टाळावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे ही ‘शिकार’ या व्याख्येतच मोडते, हे फार थोड्यांना माहीत असते. घरटे सुरू असताना सर्वांत घातक काळ बांधणीचा आणि पहिल्या दिवसांतल्या उबवणीचा. त्या वेळी वारंवार दचकवले तर मादी घरटे सोडून देते. पिले बाहेर पडण्याच्या दिवसांत एखादे पीस फुटलेले पिलू खाली सापडले, तर ते घरात आणून दूध-पाणी पाजू नये. जवळच्या झुडपात उचलून ठेवावे आणि लांब व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते हा निव्वळ गैरसमज आहे. आवाजाच्या मागावर येऊन पालक त्याला भरवत राहतात. मांजर मात्र त्या दोन दिवसांत घरात कोंडावे, शेजाऱ्यांचे असेल तर त्यांना विनंती करावी.

सापांविषयी घरच्यांना वाटणारी भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नये. साप झाडोऱ्याला भुलून येत नाही, तो उंदीर, बेडूक आणि लपायला फट शोधत येतो. गच्चीवर सांडलेल्या धान्यावर रात्री उंदीर येत असतील, तर सापाला आमंत्रण तिथूनच जाते आहे. विटांचे, लाकडांचे, फरशांचे ढीग घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. भिंतीपासून पाच-सहा फुटांचा पट्टा मोकळा व स्वच्छ ठेवावा आणि गवत-पाचोळ्याचा कोपरा कुंपणाकडे असावा. दारांखालच्या फटी आणि मोरीचे तोंड जाळीने बंद करावे. अंधारात बागेत जाताना बॅटरी आणि बूट हवेतच, आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपणे टाळावे, कारण मण्यार रात्री घरात शिरून झोपलेल्यांना चावल्याच्या घटना घडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप घरातल्या सर्वांना चित्रावरून तरी ओळखता यावेत. बागेत बहुधा दिसेल ती लांबलचक धामण. ती बिनविषारी असून उंदरांवर जगते. साप घरात शिरलाच तर त्याच्यावर लांबून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही न करता, माणसाला हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलावून सरकारी रुग्णालय गाठावे, कारण प्रतिविष तिथे मिळते.

राहिला नातवाचा प्रश्न. मुलांना पक्ष्यांची नावे पाठ करायला लावण्याची आपल्याकडे खोड आहे, शिक्षिकेला ती अधिकच असण्याचा संभव, म्हणून आधीच सांगते. पहिल्या आठवड्यात नाव विचारू नये, ‘तो काय करत होता’ हे विचारावे. एक खुर्ची, एक जागा, सकाळी सातच्या सुमाराचा अर्धा तास आणि शंभर पानी वही. वहीत तारीख, वेळ, कोणत्या झाडावर दिसला, काय खाल्ले, कोणाशी भांडला एवढे लिहावे. आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी आणि शेपटी हलवतो का, या तीन गोष्टी टिपल्या की पुस्तकातून ओळख पटणे सोपे जाते. मोबाइलवरचे मर्लिन हे मोफत अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवते. त्याचे उत्तर अंतिम मानू नये, पाहून खात्री करावी. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवण्याचा मोह मुलांना होतो. विणीच्या काळात नराला तो घुसखोर वाटतो आणि तो खाणे-भरवणे सोडून त्याच्या मागे लागतो, तेव्हा हा प्रकार बंदच ठेवावा. त्याच कारणाने बुलबुल किंवा दयाळ गाडीच्या आरशावर चोची मारत असेल तर आरशावर फडके बांधावे.

पावसाळ्यात तो राहायला आला, तर एका रात्री पांढरी चादर टांगून तिच्यासमोर तासभर दिवा लावावा. तिच्यावर जमणारे पतंग पाहून मुले फुलपाखरे विसरतात. तासानंतर दिवा न विसरता बंद करावा, नाहीतर पतंग तिथेच अडकून राहतात आणि सकाळी कोतवाल पक्ष्याच्या तोंडी जातात. तगरीच्या झुडपावर पुढच्या भागावर निळे डोळे असलेली बोटाएवढी हिरवी अळी सापडली तर ती कण्हेरीवर वाढणाऱ्या हॉकमॉथ या पतंगाची आहे, तीही राहू द्यावी.

दिवाळीची सुट्टी मात्र पक्ष्यांसाठी राखून ठेवावी. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो, त्याच्या एका टोकाला अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आहे आणि दुसऱ्या टोकाला पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा. तोवर उत्तरेकडचे पाहुणे उतरलेले असतात: लॉनवर शेपटी वरखाली करत पळणारा धोबी, कुंपणावर बसून शेपूट थरथरवणारा थिरथिरा, आणि झुडपात न दिसता दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा ‘टक् टक्’ करणारा एक वटवट्या. दुर्बीण घ्यायची तर तेव्हा घ्यावी, ८ × ४२ (म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची) किंवा मुलाच्या हाताला हलकी पडणारी ८ × ३२. दहापट मोठे दाखवणारी घेऊ नये, ती हातात हलते. दुकानात तिच्यातून सहा-सात फुटांवरची वस्तू स्पष्ट दिसते का हे पाहून घ्यावे. आपल्या बागेत बहुतेक पाहणे तेवढ्याच अंतरावरचे असेल.